स्टेशन येतंय, पण हरकत कोणी घ्यायची?

सुरतेत ‘स्टेशन’ म्हटलं की नेमकं कोणतं, हे आधी विचारून घ्यावं लागतं. बुलेट ट्रेन सध्याच्या सुरत स्टेशनातच येणार, असं मानणारे अजूनही भेटतात. ती येणार आहे शहराच्या पूर्वेला, अंत्रोलीत. मेट्रोचं ‘उधना दरवाजा’ स्टेशन आणि रेल्वेचं उधना स्टेशन यांचीही अशीच गल्लत होते. उधना दरवाजा रिंग रोडवर आहे आणि जळगाव-नंदुरबारहून येणारी माणसं ज्या उधन्याला उतरतात ते बरंच दक्षिणेला. जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं छापलं असेल, तर कोणत्या स्टेशनपासून आणि कशाने पाच मिनिटं, हे विचारायला लाजू नये.

मेट्रोचं भूमिपूजन 18 जानेवारी 2021 रोजी झालं. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली अशा दोन मार्गिका, मिळून सुमारे 40 किलोमीटर आणि 38 स्टेशनं. सगळी मेट्रो जमिनीखालून जाणार हाही गैरसमजच. भुयारात फक्त 6 स्टेशनं आहेत, सुरत स्टेशन आणि चौक बाजारच्या दाट वस्तीच्या पट्ट्यात.

आता मोठा गैरसमज: ‘स्टेशन आलं की आजूबाजूची जमीन सरकार घेणार.’ ही भीती हवेतून आलेली नाही. बुलेट ट्रेनच्या रुळांसाठी भूसंपादन झालंच. सुरत जिल्ह्यातले शेतकरी त्याविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर 2019मध्ये न्यायालयाने शंभराहून अधिक याचिका फेटाळल्या. पण रूळ आणि स्टेशन यांसाठी जमीन घेणं वेगळं आणि स्टेशनभोवतीचा परिसर आखणं वेगळं. आखणीसाठी गुजरातेत सहसा टी. पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना, लागते, 1976च्या नगररचना कायद्याखाली. तिच्यात सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र येतात, रस्ते-बागा काढल्या जातात आणि उरलेली जमीन नव्या आकाराचा ‘एफ. पी.’, म्हणजे अंतिम भूखंड, होऊन मूळ मालकाकडे परत येते. जे जातं त्याला लोक ‘कपात’ म्हणतात. कायद्यातलं प्रमाण असं: रस्त्यांना 15 टक्के, बागा-मैदानांना 5, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना 5 आणि योजना राबवणाऱ्या प्राधिकरणाने विकायची म्हणून 15. एकूण 40. लेखी कारण नोंदवून हे प्रमाण बदलताही येतं.

शेवटच्या 15 टक्क्यांवर बांधावरचा शेतकरी चिडतो आणि मला त्याचा राग समजतो. रस्त्यासाठी जमीन द्यायला तो तयार असतो, पण आपली जमीन दुसऱ्याने विकायची हे पचायला जड जातं. त्यावर प्राधिकरणाचं उत्तर असं की पाणी, गटार, रस्ते यांचा खर्च कुठून तरी काढायचाच आहे. शिवाय मालकाकडून अंशदानही घेतलं जातं, मात्र वाढलेल्या किमतीच्या अंदाजाच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. हे आकडे ‘एफ फॉर्म’मध्ये असतात. तो वाचल्याशिवाय ‘लुटलं’ म्हणू नये आणि ‘फायदा झाला’ असंही म्हणू नये.

शहरातल्या जुन्या सोसायट्यांची धास्ती निराळी. मेट्रोमुळे जास्त एफ. एस. आय., म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा, मिळाला की बिल्डर येऊन इमारत पाडणार, अशी. एफ. एस. आय. ही परवानगी आहे, सक्ती नाही. फ्लॅटमालकीच्या गुजरात कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनुसार, 25 वर्षं उलटलेल्या इमारतीच्या पुनर्विकासाला 75 टक्के फ्लॅटमालकांची संमती पुरते. म्हणजे बिल्डर एकटा काही करू शकत नाही, पण चौघांतल्या तिघांनी ठरवलं तर चौथ्याच्या नकाराने काम अडत नाही. ‘मी सही केली नाही, मग कोण हात लावतो’ हा विश्वासही तेवढाच चुकीचा.

आणि ज्याच्या नावावर काहीच नाही तो? लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. लूमवर कामाला जायचं, पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत. स्टेशनजवळचं भाडं वाढलं की सगळ्यात आधी हीच माणसं हलतात. तरी मत विचारायचं म्हटलं की सभा भरते ती जमीनमालकांची. भाडेकरूला बोलायचा हक्कच नाही, असं इथे धरूनच चालतात. नगररचना कायद्याच्या 47व्या कलमाची भाषा त्याहून मोकळी आहे. टी. पी. स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत योजनेची झळ पोचणारी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते आणि प्राधिकरणाला ती विचारात घ्यावी लागते. विचारात घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हेही खरं. शिवाय घराचं भाडं वाढेल ही तक्रार टी. पी. स्कीम सोडवू शकत नाही. तिथे चालतात त्या रस्त्याच्या, बागेच्या, शाळेच्या जागेच्या, पायी जायच्या वाटेच्या हरकती. म्हणून ‘आमच्यावर अन्याय होतोय’ असं मोघम लिहिण्यापेक्षा अमुक रस्ता शाळेच्या दारातून जातो, असं लिहावं.

ठाणे आणि विरारच्या वाचकांनीही इकडे लक्ष ठेवावं. बुलेट ट्रेनच्या स्टेशनभोवतीच्या विकासासाठी सुरत आणि साबरमतीबरोबर हीच दोन स्टेशनं निवडली आहेत. महाराष्ट्राचा कायदा वेगळा, मुदती वेगळ्या. पण हरकत कुठेही द्या, तिची प्रत जवळ ठेवा आणि त्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख नि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.