गोठ्यातली जीप

खेड्यापाड्यांत 'जीप आली' याचा अर्थ एके काळी 'सरकार आले' असाच होत असे. मामलेदार, फौजदार, देवी टोचणारे पथक, निवडणुकीचा कर्णा, सगळे जीपमधूनच यायचे. अशीच एक जीप राधानगरी तालुक्यातील आमच्या गावी, आमच्याच गोठ्यात, कडब्याखाली १९९५ सालापासून पडून होती. तिला पुन्हा चालती करण्याच्या खटपटीत गेली तीन वर्षे मी आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बिनपगारी हेल्पर आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण या कामात ग्रीसइतकाच इतिहासाशीही संबंध येतो, म्हणून हे धाडस.

प्रथम ही गाडी कोणती ते सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीत अमेरिकन सैन्याला हलकी आणि चारही चाकांना ताकद पोचणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने बनवला. अखेर पसंत झाला तो विलीज-ओव्हरलँडचा आराखडा. मागणी एकट्या विलीजला पुरी करता येईना, तेव्हा त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बांधल्या. विलीजची ती एम. बी. आणि फोर्डची ती जी. पी. डब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या पुष्कळशा जीपा लिलावात गेल्या. त्यांतलीच एक, दोन मालक करून, १९६८ मध्ये आबांकडे आली. १९७४ च्या पावसाळ्यात आजीला बाळंतपणासाठी कोल्हापूरला नेले ते याच जीपने. माझे वडील त्या रात्री जन्मले. घरात तिला भंगारात घालायचा विषय निघाला की तो तिथेच का थांबे, हे यावरून कळेल.

आबा तिला आयुष्यभर 'विलीज' म्हणत आले. पण दोन्ही गाड्या बाहेरून सारख्या दिसल्या, तरी सांगाड्याचा पुढचा आडवा दुवा विलीजमध्ये गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये चौकोनी पन्हाळीसारखा. आमचा चौकोनी निघाला. शिवाय फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते. तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि ते अक्षर दिसले, तेव्हा आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी तिला दुसऱ्याच नावानं हाक मारत हुतो व्हय!"

गाडीची अवस्था वाईट म्हणजे किती वाईट? मागच्या चाकांवरचा पत्रा पापडासारखा हातात तुटत होता. तळाच्या पत्र्याखाली बळकटीसाठी पन्हाळीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोटात कारखान्यातच लाकूड भरलेले असते. हे लाकूड ओल धरते, त्यामुळे पट्टी आतून कुजते आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो. म्हणून अशी गाडी घेणाऱ्याने रंगाकडे न पाहता उताणे झोपून खालून हातोडीने ठोकून पाहावे. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. आमच्या टाकीला चाळण झाली होती.

पहिल्याच दिवशी मी डाव्या बाजूचे दोन स्टड मोडले. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. मी सैल करतो आहे असे समजून ते आवळत होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे असे पाहिले की त्यानंतर विचारल्याशिवाय मी पान्हा उचलला नाही. दुसरी गोष्ट थट्टेची नाही. युद्धकाळातील या चाकाची रिम दोन तबकड्या बोल्टांनी जोडून केलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर तबकडी उडून माणूस मरू शकतो. आधी हवा पूर्ण काढायची, मग बोल्टांना हात लावायचा.

इंजिन जाम होते. चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे हे यंत्र त्या काळी नावाजलेले होते. पण आमचे पिस्टन गंजाने भिंतींना चिकटून बसलेले. इथेच घरात वाद झाला. गावातील एका हितचिंतकांनी जुने डिझेल इंजिन बसवून देण्याची तयारी दाखवली. खर्च निम्मा, शिवाय दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर. वडिलांना ते पटले, कारण घराचे छप्पर बदलायचे होते आणि पैसा एकच होता. मी विरोधात होतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. डिझेल इंजिन बसवले की तो दरवाजा बंद. परंतु त्याच नियमांत अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, हेही आहे. आबांनी मला फटकारले, "आरं, मला ती मांडून ठेवायची न्हाई. मळ्याकडं न्यायची हाय. मी ब्याऐंशी वर्सांचा झालो." त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

मिस्त्रींनी दहा दिवस मागितले. प्लग काढून चारही सिलिंडरांत घासलेट आणि तेल यांचे मिश्रण ओतले आणि रोज हँडल नुसते हलवून पाहायचे. अकराव्या दिवशी ते केसभर सरकले. इंजिन राहिले. छप्पर एक पावसाळा पुढे गेले.

आता सुटे भाग. या बाबतीत आपण भाग्यवान आणि दुर्दैवी, दोन्ही आहोत. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सी. जे. ३ बी हे मॉडेल इथेच बनू लागले. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे मात्र त्याच घराण्यातील जीपा त्यानंतर कित्येक वर्षे तयार होत राहिल्या. त्या मॉडेलचे इंजिन युद्धकाळातील इंजिनाचेच धाकटे भावंड. हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले, म्हणून इंजिन उंच झाले आणि बॉनेटही उंच करावे लागले. बोअर तोच, तीन इंच एक सूत. स्ट्रोकही तोच, चार इंच तीन सूत. त्यामुळे बेअरिंगे मिळून गेली. इतर देशांतील हौशी लोक ज्यासाठी धडपडतात, ते आपल्याकडे जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात खोक्यात सापडते.

मग दुर्दैव कसले? हेच. भाग सहज मिळाले, म्हणून आपल्या मेस्त्रींनी युद्धकाळातील जीपा सत्तर वर्षे चालत्या ठेवल्या, आणि प्रत्येक दुरुस्तीत तिचा एकेक मूळ अवयव भंगारात गेला. आमच्या जीपचा गिअर बॉक्सही कधी तरी बदललेला निघाला. मूळचा नाजूक, नंतरचा दणकट. आबांनी तेव्हा शहाणपणाच केला होता. 'मिलिंदप्रश्ना'तील नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी हा भाग वर्गात शिकवला, तेव्हा मला तो प्रथमच नीट कळला, कारण आदल्या दिवशी आमचा रथ गोठ्यात चाळीस तुकड्यांत पसरलेला होता.

शिवाय सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या आसांकडे वाटणारी ट्रान्सफर केस बाहेरून वर्षानुवर्षे तीच दिसते. पण तिच्या मधल्या गिअरची दांडी युद्धकाळात सहा सुतांची होती, पुढे नऊ सुतांची झाली, त्यानंतर दहा सुतांची. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून मोठ्या अभिमानाने गिअर आणला, तो नऊ सुती. तेव्हापासून व्हर्निअर खिशात ठेवतो. वीज ही दुसरी अडचण. मूळ गाडी सहा व्होल्टची. एका विक्रेत्याने 'अस्सल लष्करी' म्हणून दिलेल्या डायनामोवरचा रंग खरवडला, तर खाली बारा व्होल्टचा शिक्का! यावर उपाय एकच, सैन्याने १९४४ मध्ये काढलेले या गाडीचे मार्गदर्शक पुस्तक, टी. एम. ९-८०३. त्याची प्रत घेऊन बाजारात जावे. आकृतीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत.

जे मिळत नाही ते करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखे गाव नाही. आमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलेला होता. मला वाटले, जुना तुकडा वाळूत दाबायचा आणि रस ओतायचा. उद्यमनगरातले कारागीर हसले. ओतीव लोखंड थंड होताना फुटाला सुमारे एक सूत आक्रसते. जुन्यावरून साचा घेतला तर नवा तुकडा आखूड होतो आणि हाताभर लांबीच्या कामात इंजिनाची भोके जुळत नाहीत. त्यांनी आक्रसणाऱ्या लोखंडाचा हिशेब धरून सागवानी पॅटर्न बनवला, मापे दोनदा घेतली आणि दुसऱ्या ओतकामात तो बरोबर बसला. रबराच्या नळ्या मात्र जुन्या साठ्यातल्या घेऊ नयेत. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते; ते जुन्या रबराला मानवत नाही.

गेल्या दिवाळीत इंजिन सुरू झाले. धूर एवढा झाला की म्हशींनी दावी ओढली. कागदपत्रांचे काम अजून अडलेले आहे, कारण आर. सी. पुस्तकात गाडी 'विलीज' आहे आणि सांगाडा फोर्डचा. तोवर रस्ता वर्ज्य. पण मळ्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. आबा गोठ्यापासून विहिरीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेले, तिथे उतरले नाहीत, वळवून परत आले. मिस्त्री शेजारी बसले होते. ब्रेक डावीकडे ओढतो आहे, एवढेच ते म्हणाले.

'एफ' अक्षराचे एक्केचाळीस बोल्ट आम्ही बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले आहेत. ते मूळ जागी बसवायचे आहेत. कोणता कुठला, हे पुस्तकावरून लावण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. सहा व्होल्टचा डायनामो अद्याप मिळालेला नाही. कोणा वाचकाच्या घरी माळ्यावर पडला असल्यास जरूर कळवावे.