नातवाचा डाव आणि आजोबांची साथ

नातू कानाला यंत्र लावून एकटाच बडबडतो, ही तक्रार धानोऱ्यातील ज्येष्ठ मंडळींकडून वारंवार कानी येते. तो एकटा नसतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात १०० खेळाडू एका नकाशावर उतरतात आणि बहुधा चौघांची तुकडी असते. पुढे कोणी जायचे, जखमी सोबत्याला कोणी उठवायचे, औषधांचा साठा कोणाला द्यायचा, हे बोलूनच ठरते. स्वतःपुरते पाहणाऱ्याची तुकडी लवकर गारद होते. कबड्डीत पकड करणाऱ्यांचा जो मेळ लागतो, त्याच जातीचे हे कौशल्य होय.

मात्र ते आपोआप ओसरीवर उतरत नाही. पडद्यापलीकडील सोबत्याचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे रुसवा, संकोच, थकवा ओळखण्याचा सराव तेथे होत नाही. चुलत भावंडांशी खेळणारा मुलगा आणि मध्यरात्री परक्यांच्या शिव्या ऐकत खेळणारा मुलगा, या दोघांना मी एकाच मापाने मोजत नाही.

घरोघरी भांडण पेटते ते जेवणाच्या हाकेवरून. असा डाव सुमारे अर्धा तास चालतो व मध्येच थांबवता येत नाही. उठून गेल्यास तिघे सोबती उघडे पडतात. म्हणून ‘आत्ता ऊठ’ म्हणण्यापेक्षा ‘हा डाव संपला की ताटावर ये, नवा मांडू नकोस’ असे सांगावे. जेवताना ‘आज तुझ्या तुकडीत कोण होते?’ एवढे विचारून पाहावे. अबोल मुलेही यावर बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आजी-आजोबांनीही खेळावे. सोंगट्या ज्यांनी खेळल्या, त्यांना पचिसीच्याच कुळातला लुडो नवा नाही. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. सुरतेतील लेक, पुण्यातील नातू आणि गावातील आजी एकाच पटावर बसू शकतात. हात थरथरत असल्यास मोठ्या पडद्याचा टॅब घ्यावा. दर २० मिनिटांनी नजर दूर न्यावी, मान मोकळी करावी. कमी ऐकू येत असल्यास आधी कान तपासून घ्यावेत. नुसता आवाज वाढवू नये.

खेळ आवरता येत नाही, शाळा, झोप, नाती मागे पडतात आणि हानी दिसूनही तो सुटत नाही, अशी अवस्था सामान्यतः १२ महिने राहिल्यास जागतिक आरोग्य संघटना तिला विकार मानते. अर्थात, मूल कोमेजताना दिसले तर वर्षभर थांबू नये. लगेच डॉक्टरांकडे आणावे.

पैसे लावण्याचे खेळ निराळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला आहे. तरीही एखाद्या खेळाच्या निमित्ताने नातवाने पेन्शनच्या खात्याचा ओटीपी मागितल्यास तो देऊ नये आणि त्याच्या आई-वडिलांना त्याच दिवशी कळवावे.