शेवंतीचा दाह

दादर स्थानकाच्या पश्चिमेस, सेनापती बापट मार्गालगतच्या फुलबाजारात, शेवंतीच्या ढिगापाशी बसून पहाटेपासून सुई-दोरा चालविणाऱ्या एखाद्या हारवाल्याची बोटे भेगाळलेली, पापण्या सुजलेल्या आणि मानेची कातडी काळवंडून खरबरीत झालेली दिसली, तर गिऱ्हाईक ती उन्हाची व कष्टांची निशाणी समजून, भावात घासाघीस करून, पुढे निघून जाते.

वस्तुतः शेवंती, सूर्यफूल आणि १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले ते उपद्रवी गाजरगवत ही एकाच कुळातली मंडळी असून, त्यांच्यातील सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची द्रव्ये काहींच्या त्वचेशी दावा मांडतात. मेख अशी की, हा दावा पहिल्या दिवशी दाखल होत नाही. वर्षानुवर्षे विनातक्रार हार गुंफल्यावर शरीर केव्हातरी त्या द्रव्याला ओळखू लागते, आणि मग किंचित संपर्कानेही एकदोन दिवसांत खाज, पुरळ व पाझर सुरू होतो. सुकल्या पानाफुलांची धूळ हवेतून येत असल्यामुळे, हाताने न शिवलेल्या पापण्यांवर आणि कोपराच्या लवणीतही तो उमटतो.

असाच प्रकार शस्त्रक्रियागृहातही घडतो. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन ही भुलीची द्रव्ये यंत्रात भरताना सुटणाऱ्या वाफेमुळे भूलतज्ज्ञांच्या चेहऱ्यावर व पापण्यांवर दाह उठल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. ती विरळाच, पण तेथे रोगी स्वतःच वैद्य असल्याने संशयाला वाट लवकर सापडते. हारवाल्याच्या हाती मात्र बहुधा गजकर्णाचे मलम पडते. खरी परीक्षा म्हणजे संशयित द्रव्ये पाठीवर पट्टीने चिकटवून ४८ तासांनी, आणि पुन्हा एकदोन दिवसांनी, त्वचा तपासणे.

१९४८च्या कारखाने अधिनियमातील सूचनीय, म्हणजे ज्यांची वर्दी देणे बंधनकारक होते अशा, रोगांच्या यादीत रसायने व रंग यांच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाची दखल होती. पण ज्याला ना मालक ना हजेरीपट, त्या फुटपाथवरच्या इसमाची वर्दी देणार कोण?

इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? दवाखान्यात तो कोणी विचारला नाही, तर हारवाल्याने आपण होऊन धंदा सांगावा. आणि जाताना शेवंतीची एक दांडी, पानांसकट, कागदात गुंडाळून न्यावी.