विश्लेषण : दिवसभर ऑनलाइन राहूनही काम का उरते? संगणकशास्त्रज्ञ कॅल न्यूपोर्ट यांनी शोधलेले उत्तर काय?

सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी सातला मिटायचा आणि दिवसभरात नेमके काय पूर्ण झाले हे सांगता येऊ नये, हा अनुभव आयटीतच नव्हे, कोणत्याही कार्यालयात आता सर्रास येतो. मेल, चॅट, कॉल आणि पुन्हा चॅट. त्यावर ‘पहाटे पाचला उठा’ छापाचे सल्ले पुष्कळ मिळतात. मात्र एका संगणकशास्त्रज्ञाने या प्रश्नाकडे अल्गोरिदमच्या चष्म्यातून पाहिले आणि तो व्यक्तिगत विकासावरील लेखक म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

कॅल न्यूपोर्ट कोण आहेत?

न्यूपोर्ट यांचा जन्म १९८२ चा. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातून २००४ मध्ये पदवी आणि एमआयटीतून २००९ मध्ये पीएचडी. त्यांच्या मार्गदर्शक होत्या नॅन्सी लिंच, ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स’ या शाखेतील फार मोठे नाव. अनेक संगणक, मध्ये कोणी प्रमुख नाही, संदेश उशिरा पोहोचू शकतात. तरी सर्वांनी मिळून एक काम कसे पार पाडायचे, हा या शाखेचा प्रश्न. २०११ पासून ते वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकवतात.

दुसरी वाट त्याआधीच सुरू झाली होती. पदवीनंतर वर्षभरातच, २००५ मध्ये, त्यांचे कॉलेज विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक आले. २०१२ मधील पुस्तकात त्यांनी ‘आवडीच्या मागे जा’ हा लोकप्रिय सल्ला खोडून काढला. आधी एखाद्या अवघड कामात हात बसू द्या, आवड आणि स्वातंत्र्य त्यामागून येते, असा त्यांचा मुद्दा. मग ओघानेच प्रश्न आला, की हात बसायचा कसा? त्यासाठी सलग वेळ लागतो आणि तोच तर कोणाकडे उरलेला नाही. ‘डीप वर्क’ (२०१६), ‘डिजिटल मिनिमलिझम’ (२०१९), ‘अ वर्ल्ड विदाउट ईमेल’ (२०२१) आणि ‘स्लो प्रॉडक्टिव्हिटी’ (२०२४) ही पुस्तके याच प्रश्नाभोवती फिरतात. विशेष म्हणजे त्यांनी ना प्राध्यापकी सोडली, ना कधी सोशल मीडियावर खाते उघडले.

सलग वेळेचा एवढा आग्रह का?

इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकलेल्यांना ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ आठवत असेल. प्रोसेसर एक काम थांबवून दुसरे घेतो, तेव्हा पहिल्या कामाची स्थिती नीट जपून ठेवावी लागते आणि दुसऱ्याची परत आणावी लागते. या अदलाबदलीला वेळ लागतो. मेमरी अपुरी आणि कामे भाराभर असतील, तर यंत्राचा बहुतेक वेळ माहितीची ने-आण करण्यातच जातो. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. बाहेरून यंत्र अतिशय व्यग्र दिसते. प्रत्यक्षात काम जवळपास ठप्प असते.

माणसाची अवस्था याहून बिकट आहे, कारण आपल्याकडे ‘सेव्ह’ची सोयच नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये ‘अटेन्शन रेसिड्यू’ ही संकल्पना मांडली. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कच्चे होते. न्यूपोर्ट यांनी ‘डीप वर्क’मध्ये या संशोधनाचा आधार घेतला आहे. कोड लिहिताना मध्येच ‘फक्त एक मेसेज’ पाहणे दहा सेकंदांत संपत नाही, ते यामुळेच.

मग ईमेलचे काय चुकले?

ईमेल आणि चॅट यांची गंमत अशी, की समोरचा त्याच वेळी हजर असावा लागत नाही. म्हणजे वेळ वाचायला हवा होता. न्यूपोर्ट यांनी २०१९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मधील लेखात याचे उत्तर स्वतःच्या शाखेत शोधले. १९८५ मध्ये मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी एक गाजलेले प्रमेय प्रसिद्ध केले. संदेश पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसेल आणि एखादे जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सर्व यंत्रे ठरावीक पायऱ्यांनी हमखास एकमतावर येतील अशी पद्धत असूच शकत नाही. कारण साधे आहे. उत्तर न देणारे यंत्र बंद पडले आहे की नुसते संथ आहे, हे वाट पाहणाऱ्याला कळत नाही.

हे पटायला प्रमेय वाचायची गरज नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बैठकीची तारीख ठरवून पाहा. चौघे ‘चालेल’ म्हणतात, एक जण नवी तारीख सुचवतो, आधीचे चौघे पुन्हा विचारात पडतात आणि सेक्रेटरींच्या नावापुढे निळ्या खुणा असूनही उत्तर नसते. समोरासमोर पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट तीन दिवस चालते आणि त्या तीन दिवसांत प्रत्येक जण अनेकदा फोन उघडून पाहतो.

त्यांनी सुचवलेला मार्ग कोणता?

संगणकशास्त्राने या प्रमेयासमोर हात टेकले नाहीत. नियम बदलले: वेळेला मर्यादा घातली, टाइमआउट आणले. न्यूपोर्ट यांचे बरेच सल्ले याच वळणाचे आहेत. दिवसाची आखणी कामांच्या यादीने नव्हे, तर तासांच्या ठोकळ्यांनी करायची. प्राध्यापकांसारखे ‘ऑफिस अवर्स’ ठेवायचे, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी फोनवर किंवा समोर हमखास भेटायचे आणि किरकोळ प्रश्न तेव्हाच मिटवायचे. दिवसअखेर उरलेली कामे लिहून काढून काम अधिकृतपणे बंद करायचे.

मोबाइलबाबतचा उपाय थोडा कडक आहे. ३० दिवस सर्व ऐच्छिक अॅप बंद ठेवायची, त्या काळात आपल्याला खरोखर काय करायला आवडते ते शोधायचे आणि मग त्याला मदत करणारीच अॅप परत घ्यायची. त्यांच्या आवाहनानंतर २०१८ मध्ये दीड हजारांहून अधिक लोकांनी हा प्रयोग करण्याची तयारी दाखवली होती.

याहून टोकाचे उदाहरण डोनाल्ड नुथ यांचे. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचे लेखक असलेल्या नुथ यांनी १ जानेवारी १९९० पासून ईमेल वापरणेच थांबवले. त्यांच्याशी संपर्क साधायचा, तर टपालाने पत्र पाठवावे लागते.

हे सगळ्यांना जमणारे आहे का?

नाही, आणि मुख्य आक्षेप तोच आहे. नुथ यांच्यासारखा मान किंवा प्राध्यापकाचे स्वातंत्र्य किती जणांना मिळते? कस्टमर सपोर्टमधल्या कर्मचाऱ्याचे कामच मुळी लगेच उत्तर देण्याचे. रात्री अमेरिकेतील क्लायंटच्या कॉलवर बसणाऱ्या हिंजवडीतल्या नवख्या इंजिनीअरने ‘मी सकाळी अकरापर्यंत ऑफलाइन आहे’ म्हटले, तर ते अप्रेझलमध्ये महागात पडू शकते. घर, मुले आणि नोकरी एकदम सांभाळणाऱ्या बाईला दोन सलग तास काढणे तर याहून अवघड.

न्यूपोर्ट यांच्या लेखनातही हे वळण दिसते. ‘डीप वर्क’ने मुख्यतः व्यक्तीला शिस्त सांगितली, ‘अ वर्ल्ड विदाउट ईमेल’चा रोख कामाच्या पद्धतीवर आहे. सर्व गट संदेशांवर धावत असेल, तर एकट्याने नोटिफिकेशन बंद करून भागत नाही. उत्तर न देणारा एकटा माणूस इतरांसाठी ‘बंद पडलेले यंत्र’ ठरतो.

म्हणूनच काही ठिकाणी हा विषय कायद्यापर्यंत गेला. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा अधिकार फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ हे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

सुरुवात कुठून करता येईल?

एकट्याच्या हातात थोडेच असते, पण गटाला ते ठरवता येते. ‘बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत हरकत आली नाही, तर तारीख पक्की’ असे एक वाक्य मेसेजखाली लिहिणे म्हणजेच टाइमआउट. ‘सकाळचे दोन तास कोणी कोणाला चॅट करायचे नाही, तातडीचे असेल तर फोन’ हा नियम टीम लीडने घातला, तर नवख्यालाही तो पाळता येतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माणूस जे शिकतो, त्यावर पुढची बरीच वर्षे चालतात. ती वर्षे नुसती उत्तरे देण्यात गेली, तर प्रतिसाद तत्पर होतो, पण हात बसायचा राहून जातो.