गिंडीचे मैदान : खेळ जिंकला, जमीन गेली

चेन्नईच्या गिंडी भागातील अश्वशर्यतींची परंपरा १७७७ पर्यंत मागे नेली जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातील ही करमणूक १८९६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास रेस क्लबने सांभाळली आणि स्वतंत्र भारतातही ती टिकली. मात्र शर्यतींवर लागणाऱ्या पैजा राज्यकर्त्यांना खुपत राहिल्या. १९७४ मध्ये त्यांना जुगाराच्या कक्षेत आणणारा कायदा झाला. १९८६ मध्ये क्लबच ताब्यात घेण्याचा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८६ चा कायदा रद्द ठरवला.

खेळाला न्याय मिळाला. जमिनीचा प्रश्न उरला. सुमारे १६० एकरांची ही सरकारी जमीन १९४५ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली होती. वार्षिक भाडे ६१४ रुपये १३ आणे. शहर वाढले, आणे चलनातून गेले, करारातला आकडा मात्र तसाच राहिला. थकबाकीची मागणी ७३० कोटींवर पोहोचली. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने भाडेपट्टा रद्द करून जागा ताब्यात घेतली आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला.

क्लबने स्वस्त भाड्याचा लाभ उठवला, हे खरे. परंतु करारनाम्याची प्रत सरकारी दप्तरातही होतीच. भाडेवाढीचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळू देणारे प्रशासन या हिशेबातून सुटत नाही. देशभरातील ब्रिटिशकालीन क्लब आणि मैदानांचे भाडेपट्टे वेळीच तपासले गेले, तर इतिहास आणि सार्वजनिक हित यांपैकी एकाचा बळी देण्याची वेळ येणार नाही.