ओल्या केसांचा अंबाडा

न्हाण्याच्या दिवशी घरातील स्त्रीचे केस नीट वाळले की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. साडेनऊला दुकान उघडायचे असते, त्याआधी मुलांचे डबे भरायचे असतात, आणि पूजेला जायचे तर स्नान त्यापूर्वीच आटोपलेले हवे. अशा घाईत कमरेपर्यंत पोहोचणारे केस धुतले जातात, पंच्याने चार झटके दिले जातात आणि ओल्याच केसांचा अंबाडा घालून त्यात पिना खोचल्या जातात. तो सुटतो तो रात्री निजताना, आणि तेव्हाही आतला पदर हाताला दमट लागतो. पुढे केस विरळ झाले की तेल बदलले जाते, शाम्पू बदलला जातो, कोणी सांगितलेली महागडी बाटली आणली जाते. केस धुणे आणि केस बांधणे यांच्यामधल्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडते, तिकडे मात्र लक्ष जात नाही.

केस गळणे आणि केस तुटणे ही दोन वेगळी खाती आहेत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा शरीराचा नित्य व्यवहार आहे. तेवढेच नवे उगवत असतात. कंगव्यात आलेला केस उजेडात धरून पाहावा. एका टोकाशी बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून आलेला आहे. गाठ नसेल आणि केस आखूड असेल, तर तो मध्येच तुटलेला आहे. पहिल्या प्रकारचे केस फार जाऊ लागले तर वैद्यकीय तपासणी हवी, रक्तातील लोह व थायरॉइड पाहायला हवे. दुसऱ्या प्रकारचे केस मात्र बहुधा हाताळणीने जातात, आणि लांब केसांच्या बाबतीत हे नुकसान ओल्या अवस्थेत सर्वांत अधिक होते.

त्याचे कारण केसाच्या रचनेत आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले एकावर एक बसवलेले असतात, घराच्या छपरावर कौले असतात तसे, मुळाकडून टोकाकडे. पाण्यात भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी आत घेतो. तो लांबीला जेमतेम वाढतो, पण जाडीला सुमारे १५ टक्के फुगतो. त्यामुळे खवले उचलले जातात आणि एका केसाचा खवला दुसऱ्यात अडकतो. प्रथिनांच्या साखळ्यांना जोडून ठेवणारे हायड्रोजनचे बंधही पाण्याने सैल होतात. म्हणून ओला केस रबरासारखा ताणला जातो. हा ताण मर्यादेपलीकडे गेला की केस पूर्ववत होत नाही.

येथे आणखी एक हिशेब मांडावा लागेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ७५ सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे टोक सहा वर्षांपूर्वी उगवलेले असते. त्या टोकाने सहा वर्षांची न्हाणी, उन्हे आणि कंगवे सोसलेले असतात. त्वचा जखम भरून काढते. केसाच्या त्या भागात जिवंत पेशीच नसल्यामुळे त्याची झीज भरून निघत नाही. ‘केस दुरुस्त करणारे’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतांशी केसावर गुळगुळीत थर चढवते. त्याचाही उपयोग आहे, परंतु ती डागडुजी होय. लांब केस ही दीर्घ मुदतीची ठेव आहे, आणि ती रोजच्या रोज थोडीथोडी मोडली जाते ती मुख्यतः पंच्याने.

धुतलेल्या केसांत पाणी दोन ठिकाणी असते. बरेचसे दोन केसांच्या फटींत अडकलेले असते आणि थोडे केसाच्या आत शिरलेले असते. पहिले कापडाने टिपता येते. दुसरे कोणत्याही कापडाने निघत नाही. ते वाफ होऊनच जाणार. जोराने घासले म्हणजे आतले पाणीही निघेल, ही समजूत चुकीची आहे. घासण्याने फक्त खवले निघतात. पंच्याच्या टोकाने केसांवर फटकारे मारून पाणी उडवण्याची रीत तर अनेक घरांत आजही चालू आहे. तुषार उडतात म्हणून काम झाल्याचे समाधान मिळते, एवढेच.

कापडाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण वाचकांपैकी कित्येकांचा तो व्यवसायच आहे. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसण्यासाठी तो उत्तमच. त्याचे उभे फासे पाणी ओढून घेतात. परंतु घासताना याच फाशांत ओला केस अडकतो. लांब केसांसाठी त्यापेक्षा बरे कापड बहुतेक घरांत जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सापडेल: पुष्कळ धुण्यांतून मऊ झालेले धोतर, विरलेला पंचा, सुती साडीचा तुकडा. नव्या कापडातील खळ पाणी शोषू देत नाही. जुन्यातून ती केव्हाच निघून गेलेली असते. केस आधी हातांनीच वरून खाली हलके दाबून निथळू द्यावेत. मग एकेक बट कापडात घेऊन तळव्यांत दाबावी आणि सोडावी. पिळू नये. कापड ओले झाले की दुसरे घ्यावे. खरे तर दुसरे कापड हाताशी नसते म्हणूनच पहिल्याने घासण्याची पाळी येते. डोक्याला कापड गुंडाळायचे तर सैल, आणि दहा मिनिटांपुरते.

कंगव्याच्या बाबतीत सर्वांना एकच नियम लागू पडत नाही. सरळ केस असतील तर ते अर्धेअधिक वाळेपर्यंत थांबावे. कुरळे केस मात्र वाळल्यावर अधिक गुंततात. ते दमट असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवलेले बरे. दोन्ही प्रकारांत आरंभ टोकाकडून करावा आणि हळूहळू वर जावे. मुळाकडून सुरुवात केली की सगळा गुंता खाली ढकलला जाऊन त्याची एकच गाठ बनते. बारीक दातांची फणी ओल्या केसांत घालूच नये.

जुन्या काळी केस वाळवण्यासाठी धुरी देत. शेगडीत निखारे, त्यावर ऊद, वर उपडी घातलेली वेताची टोपली आणि टोपलीवर पसरलेले मोकळे केस. बाळंतिणीला तर ही धुरी आवर्जून दिली जाई. ही चाल फार प्राचीन आहे. उज्जयिनीच्या वर्णनात जाळीच्या खिडक्यांतून बाहेर येणाऱ्या, केसांना दिलेल्या धुपाचा उल्लेख कालिदासाच्या मेघदूतात आहे. उदाच्या गुणांविषयी कोणी काहीही म्हणो, त्या टोपलीतील शहाणपण उघड आहे: ती केस आणि निखारा यांच्यात अंतर राखते. मात्र आजच्या बंद सदनिकेत कोळशाची शेगडी पेटवणे धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बाळंतिणीच्या खोलीत तान्हे मूलही असते.

हेच अंतराचे तत्त्व विजेच्या ड्रायरलाही लागू पडते. कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. केसांच्या काही बटा नुसत्याच वाळू दिल्या, काहींवर वेगवेगळ्या अंतरांवरून ड्रायर फिरवला, आणि हे तीस वेळा केले. ५ सेंटिमीटरवरून, सुमारे ९५ अंश उष्णतेने वाळवलेल्या बटांचा पृष्ठभाग सर्वांत खराब झाला, यात नवल नाही. नवल पुढे आहे. केसाच्या आतील पेशींना सांधणाऱ्या थराची हानी केवळ आपोआप वाळू दिलेल्या बटांत आढळली. केस दीर्घकाळ पाण्याने फुगलेला राहतो, हे त्याचे कारण असावे असा संशोधकांचा तर्क आहे. १५ सेंटिमीटर अंतरावरून, एका जागी न थांबता फिरवलेला ड्रायर त्यांना सर्वांत कमी हानीचा वाटला. हा प्रयोग सुट्या बटांवर झाला, माणसाच्या डोक्यावर नव्हे, हे ध्यानात ठेवावे; तरीही ‘नैसर्गिकरीत्या वाळू दिले म्हणजे नुकसान शून्य’ या समजुतीला त्याने धक्का दिला. आधी टिपून घेणे, मग पंख्याखाली किंवा लांब धरलेल्या कोमट झोताखाली केस मोकळे सोडणे, हा मधला मार्ग त्यातून निघतो. केस सरळ करण्याची तापलेली इस्त्री मात्र ओल्या केसांवर कधीही फिरवू नये. आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते, केसात बुडबुडे धरतात आणि तो तेथेच तुटतो.

न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याच्या चालीलाही आधार आहे. केसाच्या आत शिरून प्रथिनांची गळती कमी करण्यात सूर्यफुलाच्या व खनिज तेलापेक्षा खोबरेल सरस ठरल्याचा शोधनिबंध मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतीलच होते, हे व्यापारी वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

पण अंबाड्याचे काय? आठ-दहा तास दमट राहिलेल्या केसांवर बुरशी वाढू शकते. ‘पांढरा पिएड्रा’ हा त्यातलाच एक विकार. केसांवर बारीक, मऊ, पांढरट गाठी धरतात आणि घरातले त्यांना लिखा समजतात. मग लिखांची औषधे होतात, सुनेला किंवा मुलीला अस्वच्छतेबद्दल बोलणी बसतात, तिची उशी वेगळी केली जाते. गुणही येत नाही, कारण रोग वेगळाच असतो. लांब केस ओले असताना बांधून वा झाकून ठेवणे हे त्याचे एक परिचित कारण आहे. त्वचारोगतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली एक केस पाहून निदान करू शकतात. उपचार आहेत, पण पुष्कळदा केस कापण्याचाही सल्ला द्यावा लागतो. ज्या मुलीने बालपणापासून वेणी जपली, तिच्या बाबतीत हा केवळ वैद्यकीय निर्णय राहत नाही.

यावरचा इलाज बाटलीत मिळणार नाही. तो घराच्या वेळापत्रकात आहे. पूजेसाठी स्नान हवे, पण रोज डोक्यावरून पाणी घेतलेच पाहिजे असे नाही. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात, तेथे संध्याकाळचा स्वयंपाक चार-साडेचारला सुरू होतो. दुपारचे जेवण आटोपून एक ते चार हा वेळ मोकळा असतो. आठवड्यातून दोन दुपारी तेवढ्या वेळात चहाची, फोनची, पार्सल घेण्याची कामे दुसऱ्या कोणी केली तर लांब केस खुशाल वाळतात. सकाळीच धुणे भाग पडले, तर केस मानेजवळ सैल क्लिपने धरावेत, पाठीवर कोरडा पंचा घ्यावा, आणि अकराच्या सुमारास क्लिप काढून आतला पदर बोटांनी मोकळा करावा. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घट्ट दोन वेण्या ओल्या केसांवर घालायच्या नसतील, तर त्यांचे न्हाणे शनिवारी दुपारी ठेवणे सोयीचे.