सरकारची हुंडी

पूर्वी पेढीवर हुंडी वटवत. मुदत भरायच्या आत शंभराची हुंडी नेली, की पेढीवाला आपला वटाव कापून उरलेले रुपये हातावर ठेवी. केंद्र सरकारचं ट्रेझरी बिल म्हणजे हाच व्यवहार. इथे निकड सरकारची आणि पेढीवाले तुम्ही.

सरकारला निकड कसली? पगार आणि निवृत्तिवेतन दर महिन्याला द्यावं लागतं, पण आगाऊ कराचे हप्ते येतात जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेच्या सुमाराला. मधली ओढाताण भागवायला 91, 182 आणि 364 दिवसांची बिलं निघतात. रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, सहसा बुधवारी.

बिलावर व्याजाचा दर नसतो, त्यामुळे पुष्कळजण गोंधळतात. समजा, 91 दिवसांचं 10,000 रुपयांचं बिल तुम्हाला 9,850 ला मिळालं. मुदत भरली की पुरते 10,000 हाती येतात. मिळकत 150 रुपये. आता इथेच चूक होते: दीडशेला दहा हजारांनी भागायचं नाही. तुमच्या खिशातून गेले 9,850, भागायचं त्यांनी. येतात 1.52 टक्के, तेही फक्त 91 दिवसांचे. 365 ला 91 नं भागून त्याला गुणलं, की वार्षिक परतावा निघतो 6.11 टक्के.

अमेरिकेच्या बातम्यांत ऐकू येणारी ‘ट्रेझरी नोट’ मात्र वेगळी. ती 2 ते 10 वर्षांची असते आणि तिच्यावर दर सहामाहीला व्याज मिळतं. आपल्याकडे तिचे भाऊबंद म्हणजे दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे.

नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’वर तुम्हीआम्हीही ही बिलं घेऊ शकतो, किमान 10,000 रुपयांची. भाव सांगायची कटकट नाही. रक्कम तेवढी कळवायची. मोठ्या बँकांच्या मंजूर बोल्यांची भारित सरासरी काढून तोच भाव आपल्याला लागतो. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

मुदतीआधी विकायचं झालं तर बाजारभाव घ्यावा लागतो, आणि मधल्या काळात व्याजदर चढले असतील तर तो पडलेला असतो. एफडीशी तुलना कराल तेव्हा दीडशे रुपयांकडे नको, त्या 6.11 कडे बघा. आणि या मिळकतीवरही तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, हे विसरू नका.